दोन दहाची रांग

रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तिसऱ्या मजल्यावरचे एमआरआयचे फोटो
अर्ध्यात अडतात.
पाच मिनिटं. मग आपोआप सुरळीत.

पुणतांबेकर सर म्हणाले, बंद-चालू करून बघ.
कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला,
आमच्याकडे तर सगळं हिरवं दिसतंय.
आठ वर्षं तो स्विच कपाटात बसून होता
घुम्या जावयासारखा.
काय खुपतंय ते सांगायचं नाही,
आणि विचारायचं कुणी?

या खेपेचा डबा निराळा. कोरा.
दारात आलेल्याचं करायचं काय
हे त्याला शिकवावं लागतं.
मी चाळीस ओळी लिहिल्या:
पाकीट आलं की वेळ टीप,
निघालं की वेळ टीप,
मधे किती खोळंबलं ते त्याच्याच पाठीवर लिही.
आणि सगळ्यात वर एक ओळ,
जी यंत्र वाचत नाही:
पत्ता वाचायचा, आतलं पत्र नाही.

दोनला दुलीचंद चहा घेऊन आला.
खाली पलासियाचा सिग्नल
रिकाम्या रस्त्याला पिवळा डोळा मारत होता.
"क्या ढूँढ रिये हो, मैडम?"
रांग, मी म्हटलं.
तो जिन्यावरून वाकून बघून आला.
"कोई नी है."

दोन दहा.
चार मायक्रोसेकंद. चार. पाच. चार.
नऊशे.
मग एकापुढे: जागा नव्हती, टाकून दिलं.

तळमजल्यावरचं बिलिंग
दिवसभराचा हिशेब ह्याच वेळी
मागच्या इमारतीत नेऊन ठेवतं,
ह्याच तारेवरून, सगळा एकदम.
बिघडलं कुणीच नव्हतं.
हिशेब आणि कुणा बाईचा मेंदू
एकाच दाराशी आले होते,
आणि दाराला माणसं ओळखता येत नव्हती.

आणखी दोन ओळी.
मेंदू आधी.
हिशेबाला हळू सोड, त्याला उजाडेपर्यंत वेळ आहे.

मग टिपणंही कमी केलं, हजारातलं एक.
सगळंच बघायचं म्हटलं
तर बघण्याचीच गर्दी होते.

दुसऱ्या रात्री दोन दहाला
पडद्यावरची रेघ सपाट राहिली.
दुलीचंदच्या हातातला कप थांबला.
"मैडम, ये तो सीधी हो गई."
बावीस वर्षं ह्याच इस्पितळात आहे तो.
मी सांगितलं, इथे सपाट म्हणजे बरं.

त्यानं मान डोलावली. गेला नाही.
"फिर भी," म्हणाला,
"जरा-सी हिलने दो."