खरी नक्कल

कलिंदर तडवी पालहून येतो, पहिल्या बसने.
पिशवीत भाकरी, भाकरीखाली निकाल.
इतक्यांदा घडी मोडलीय त्या कागदाची
की 'निर्दोष'वरचा रफार झिजून गेलाय.
उरलंय नुसतं
नि दोष.

मी भुसावळच्या कोर्टात, नक्कल विभागात.
टेबलावर डिंक, दाभण, शिक्का.

सदऱ्यावर डाग होते त्याच्या.
केळीचा चीक धुतल्याने जात नाही,
रावेर-यावलात हे पोरांनाही ठाऊक.
पंचनाम्यात त्याचे 'रक्तासारखे डाग' झाले.
खाली दोन पंचांचे अंगठे,
दोघेही घड कापणारे,
शाई लावायच्या आधीच काळे.

नऊ वर्षं.

पोलिसांनी चारित्र्याचा दाखला दिला:
गुन्हा दाखल आहे.
खरं आहे, दाखल आहे.
सुटका कुठे भरायची, तो रकाना
म्हणे संगणकात उघडत नाही.
कोल्ड स्टोरेजवाल्याने दाखला वाचला
आणि रखवालदारीची काठी दुसऱ्याला दिली.

भरपाईचा अर्ज वरून परत आला.
शेरा: लेखाशीर्ष नमूद करावे.
तो विचारतो, लेखाशीर्ष म्हणजे काय?
मी म्हणतो, पैसा ज्या नावाने निघतो ते नाव.
"मंग माह्यं नाव लिवा ना."

वैशाखात वादळ येतं, बाग आडवी होते,
तलाठी चिखलात उतरून खोडं मोजतो.
हेक्टरी दर ठरलेला आहे.
माणूस आडवा पडला तर कशाने मोजायचा,
मी परिपत्रकं चाळली. सगळी.

आज त्याला आवक नोंदवहीतल्या एका पानाची नक्कल हवीय.
वकिलाने चिठ्ठी दिलीय, तारखेसकट.
मी पान काढतो.

प्रयोगशाळेचा लखोटा, सीलबंद, एक.
दुसऱ्याच वर्षी आलेला.
आत एकच ओळ होती: रक्त आढळले नाही.
ती कोर्टापुढे गेली सात वर्षांनी,
शेजारच्या खटल्याच्या गठ्ठ्यातून निघाली तेव्हा.
तो गठ्ठा कुणी बांधला, कुणी विचारलं नाही.

माझ्या गाठी मला ओळखता येतात.
अक्षरही माझंच. तेव्हा वळणदार होतं.

झेरॉक्सचा कागद अजून गरम आहे.
खिडकीच्या गजांमधून तो हात पुढे करतो,
सवयीने दोन्ही.
"भाऊ, काय लिव्हेल हाये त्यात?"

मी शिक्का उमटवतो. खरी नक्कल.
खाली सही करायची असते,
पूर्ण नावानिशी.