बुटाची पावती

खिडकी चार. साहेब नवा, पुण्याकडचा.
"साहेब, मी परत आलो."
हसला. "आले म्हणा बाई. आलो नव्हे."
आमच्यात बायका आलोच म्हणतात साहेब,
आईबी म्हणायची, तिची आईबी.
तुम्ही कागद बघा.

बघितला, पालथा केला, म्हणाला,
ताप कामावरच आला कशावरून?
तुमच्या घरात उंदीर नाहीत?

हाईत की.
पर पूर ओसरल्यावर कुंभार गल्लीत
गुडघाभर रेंद्यात कोण उतरलं हुतं?
भिजून बसलेल्या गाद्या, बिनरंगाचं गणपती,
एक रेडकू फुगलेलं,
सगळं हातानं काढलं, एकोणीस दिवस.
डावा बूट टाचेला फाटका.
मुकादम म्हणाला, आत पिशवी बांध.
बांधली. दुधाची.

विसाव्या दिवशी डोळं हळदीवानी.
सीपीआरमधी लिवलं, लेप्टो.
माणूस कुठं कामाला हुता
त्याला त्या कागदावर रकाना न्हाई.
पुढचं अर्जात हाय, मला वाचायला लावू नका.

ठेकेदार म्हणतो, भैरू घस्ते?
असा कोण आमच्या मस्टरवर न्हाई.
महापालिका म्हणती, ठेकेदाराला विचारा.
विमावाले म्हणतात, नंबर सांगा.
त्या तापानं तेवढं
काय विचारलं न्हाई.

दिवस झाल्यावर, सोमवारीच,
ठेकेदाराचं पोरगं दारात. गाडी बंदबी केली न्हाई.
"वैनी, बूट द्या. कंपनीचं हाईत."
मी धुऊन ठेवलं हुतं, जिन्याखाली, पालथं.
देतो की, म्हटलं. पर लिहून दे,
उद्या म्हणशील घस्तेच्या बायकोनं बूट ठिवलं.
पोरगं साधं. धाकटीच्या वहीचं पान फाडलं,
गाडीच्या सीटवर ठिवून लिवलं,
"भैरू रामू घस्ते, कामगार,
गमबूट एक जोड, नऊ नंबर,
डावा फाटका, परत मिळाले."
तारीख. सही.
शिक्का खिशातच हुता, त्योबी मारला.
गेलं बूट हँडलला अडकवून.

साहेबानं पान दोनदा वाचलं.
वर पंखा. पान उडाय लागलं
तसं बोट ठिवलं त्यानं,
नेमकं कामगारवर.

"झेरॉक्स?"
चार हाईत. असली मी देणार न्हाई.
बोट तसंच. मागं बघून कुणाला तरी हाक मारली.
"बसा," म्हणाला.

बसलो.