चिसोमो

झोम्ब्याच्या पाठशाळेत प्रवचनाला मला
शंभरात ब्याण्णव होते.
हे मी आपणहून सांगत नसे,
कुणी विचारेल एवढी सोय मात्र ठेवत असे.

निरोप आला, पलीकडच्या किनाऱ्यावर
एलुबीचा मुलगा बुडाला, म्वेरा वाऱ्यात.
होडी सापडली, जाळं सापडलं,
तो तिसऱ्या दिवशी.
पाद्रीबाबा तापानं आडवे. म्हणाले, लोविनेस, तू जा.
रात्रभर कंदील जाळून मी लिहिलं,
निळ्या वहीची अकरा पानं.
विषय : देवाची कृपा.
मुद्द्याला दाखला, दाखल्याला वचन,
आणि शेवटी एक वाक्य असं
की बायांनी पदर डोळ्यांना लावलाच पाहिजे.

बांबो कायुनींच्या होडीत
वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पोटाशी.
सरोवर इतकं शांत,
जसं काही त्यानं केलंच नाही.
वल्ह्याचा ठेका न मोडता म्हाताऱ्यानं विचारलं,
"पोराचं नाव ठाऊक आहे ना?"
नव्हतं.
अकराही पानांत मी 'आपला दिवंगत बंधू' लिहिलं होतं.
"चिसोमो," तो म्हणाला.

आमच्या भाषेत कृपेला
दुसरा शब्द नाही.

मी मनातल्या मनात पानं उलटली.
चिसोमो कधी सोडून जात नाही.
चिसोमो रोज सकाळी नव्यानं दारी येतो.
पहिल्याच पानावर नऊ वेळा. मग मोजणं सोडलं.
होडी वाळूला टेकेपर्यंत
माझं एकही वाक्य
जिवंत उरलं नव्हतं.

अंगणात माणसं मावत नव्हती.
सुकत्या उसिपाचा वास, चटयांवर बाया,
आणि एलुबी कसावा सोलत बसलेली.
शोकातल्या आईनं काम करायचं नसतं.
कुणीतरी तिची सुरी काढून घेतली,
तिनं दुसरी घेतली.
मी शेजारी बसले.
म्हटलं, देवा, माझ्यापाशी काही नाही.
हे मी आधीही म्हणायची,
प्रत्येक प्रवचनाच्या सुरुवातीला,
बरं दिसतं म्हणून.

सुरी मागितली. सोलू लागले.
शहरात राहून हात विसरले होते,
तिसऱ्याच कांडाला बोट कापलं.
एलुबीनं एक शब्द न बोलता
आपल्या चितेंजेची कड फाडली
आणि माझं बोट बांधलं,
लहान मुलाचं बांधतात तसं, दोन गाठी, वर फुंकर.
सांत्वनाला मी आले होते.

पहाटे लाकडं पेटेनात, दवानं भिजलेली.
मी वही दिली.
अकरा पानांत धूर झाला फक्त.
मग कायुनींनी वाळकं गवत आणलं.

कबरीपाशी सगळे माझ्याकडे बघू लागले.
मी उभी राहिले. म्हटलं, "चिसोमो."
पुढे आवाजच नाही.
त्याला हाक मारली की देवाचं देणं मागितलं
लोकांना कळलं नसेल,
मलाही नाही कळलं.
मागून एका म्हातारीनं तोच शब्द उचलला,
मग दुसरीनं, मग पुरुषांनी, खालच्या पट्टीत,
आणि माती पडत असताना
तो शब्द एकट्या कुणाचा राहिला नाही.

परतताना मला लाज वाटत होती.
पाद्रीबाबांना सांगितलं, प्रवचन झालं नाही.
त्यांनी कूस बदलली.

पावसाळ्यानंतर बाजारात एलुबी दिसली,
पेल्यानं मासळी मोजत.
म्हणाली, "त्या दिवशी तू किती बोललीस!
त्यातलं एकेक रोज काढते,
अजून सरलं नाही."
विचारणार होते, काय बोलले मी?
पण मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.
तिनं माझ्या टोपलीत दोन पेले ओतले,
वर एक मूठ.
पैसे पुढे केले तर
ओल्या हातानं माझी मूठ मिटून म्हणाली,
"जा, होडी सुटेल तुझी."

बोटावरचा वण अजून आहे.
हवा बदलली की ठणकतो.
त्या दिवसांत मी बरं प्रवचन करते,
असं कायुनी म्हणतात.