पंधरा फूट चार इंच

भिवसनने होडी दोरीने मोजली, मग वितीने,
मग पुन्हा दोरीने. पंधरा फूट चार इंच.
चांदोरीच्या काठाला पानवेल इतकी माजलेली
की वल्हं मारावं तर पिठल्यात पळी फिरवल्यासारखं.
धाकट्या दिराला मुकणे धरणाच्या सोसायटीत जागा मिळाली.
"होडी घेऊन या," म्हणाला फोनवर,
कोथिंबीर घेऊन या म्हणावं तसं.

पंचावन्न किलोमीटर, सगळा चढ.
मुकण्याचं पाणी दारणेतून उतरतं
आणि येतं आमच्याच गोदेत, फुकट, रात्रंदिवस.
होडीला उलट जायचं तर भाडं.

द्राक्षांचा पिकअपवाला आधी आला.
हौदा आठ फूट, उरलेली होडी हवेत.
"मागं लाल फडकं बांधू, होतंय की."
फडक्याने मागचा गाडीवाला सावध होईल,
होडीचा कणा थोडाच होणार.

वाडीवऱ्हेच्या जीपवाल्याने टपावर नेतो म्हटलं,
उपडी घालून, चार ठिकाणी आवळून. सगळ्यांत स्वस्त.
भिवसन तंबाखू मळत राहिला, बोललाच नाही.
उपडी होडी दिसली
की आमच्यात आधी माणसं मोजतात.

मंडपवाल्याच्या टेम्पोत बसली असती, जशी मापाचीच.
पण तो चार हजार म्हणाला,
आणि लग्नं आटोपेपर्यंत तारीख नाही.
खुर्च्यांना मुहूर्त असतो, होडीला कुठला.

शेवटी रंगनाथ गडाखांची कांद्याची ट्रॉली.
"डिझेल तुमचं, पहिला मरळ माझा."
अकरा फुटांची, फाळका पाडून थोडी जास्त.
तळाला पाचट, त्यावर गोण्या, दोन जुन्या ट्युबा,
आणि मागच्या लोंबत्या टोकाखाली काय, तेच सुचेना.
मी घरात गेले, गादी गुंडाळली,
दिवाणाची मधली फळी उपसून आणली.
भिवसनने माझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे.
"बरोब्बर," एवढंच म्हणाला.

दिवसा शहरातून ट्रॅक्टर नको म्हणून रात्री निघालो.
मी होडीतच बसले, जाळ्याच्या ढिगावर.
आडगाव गेलं. मग द्वारका,
पुलाचे खांब एकामागून एक मागे जाताना
वाटलं, आपण थांबलोय आणि नाशिक वाहतंय.
हात उगीचच वल्हं शोधत होते.
चौकात पोलिसाने शिट्टी मारली.
टॉर्च होडीवर, माझ्यावर, पुन्हा होडीवर.
"कुठं निघालात?"
"पाण्याकडं, साहेब."
त्याने आभाळाकडं पाहिलं. चांदणं लख्ख.
"पूरबीर येणारे का?" म्हणाला आणि सोडलं.

पाथर्डी फाट्याला चहा. रंगनाथभाऊ म्हणाले,
आयुष्यभर कांदा वाहिला, कुणी वळून पाहिलं नाही,
आज कुत्रीसुद्धा उभी राहून बघतायत.
विल्होळीच्या चढाला ट्रॅक्टर कण्हला,
होडी एक बोट मागे सरकली.
फळीने धरली.

उजाडता उजाडता मुकणे.
आठ जणांनी उतरवली, एकाचा अंगठा चेंगरला,
त्याने होडीला शिव्या दिल्या, मग हात लावून पाया पडला.
पाण्यात लोटली तेव्हा आधी ती हलली नाही,
मग हलली, आणि तिच्या अंगाला चिकटलेली
कांद्याची टरफलं सुटून तिच्याआधी पुढे गेली,
तांबडी, हलकी, बिनभाड्याची.

भिवसन आता तिकडेच असतो, शनिवारी येतो.
पहिला मरळ गडाखांना पोचला. दुसराही.
फळी परत आणायची राहिली.
दिराने ती काठाच्या चिखलात टाकलीय,
तिच्यावरून होडीत चढतात.
मी खालीच झोपते. सुतार म्हणतो नवी फळी देतो,
माप सांगा.
सांगते म्हणते आणि सांगत नाही.