सख्खा

पोर्वेनीरला वाऱ्याचं कुणाला अप्रूप नाही.
झाडं एका अंगाला कलूनच वाढतात,
माणसं ओरडून बोलतात, कुणी राग धरत नाही.
आमच्या घरात मात्र त्या वर्षी
सगळे कुजबुजायचे.

आई खेकड्यांच्या कारखान्यात.
सोललेलं मांस काट्यावर ठेवायचं,
चिमूटभर काढायचं, चिमूटभर घालायचं,
काटा थांबला की पुढचा डबा.
संध्याकाळी त्याच बोटांनी ती पाव कापायची,
हिमेनाच्या तुकड्याला लोणी जास्त.

मी नऊ वर्षांचा. हिमेना सोळाची.
टेबलाखालून तिचा पाव माझ्या तळहातावर यायचा,
गरम, लोण्याची बाजू खाली.
"खा ना, लाउतारो. तू माझा ना?"
मी तिचाच. खायचो.

माझ्या शाळेच्या विजारीचं बटण दोनदा तुटलं.
बाबा हसले, म्हणाले, हा बोटीवरचा आचारी होणार.
तिच्याकडे बघून कुणी काहीच म्हणालं नाही.
ती स्वेटरवर स्वेटर घालायची,
आणि जूनमध्ये आमच्याकडे सगळेच घालतात.

रात्री तिच्या पांघरुणात उजेड.
एकदा तिला झोप लागल्यावर मी फोन काढून घेतला.
वाचता यायचं मला, अडखळत.
कुणी सेव्हिलची, कुणी मॉन्तेरेची,
नावाच्या जागी पिसं, फुलपाखरं.
"तुझीही आई रडली? रडू दे. तू ढळू नकोस."
"घरचे परके गं. आम्हीच तुझ्या सख्ख्या."

तो शब्द मी बोट ठेवून वाचला.
सख्ख्या.
मग मी कोण?

ती न्हाणीघरात पडली तेव्हा वादळ होतं,
सामुद्रधुनी बंद, फेरी बंद,
पलीकडचं इस्पितळ दोन दिवस पलीकडेच.
त्या रात्री मी आईला सांगितलं,
तिचा पाव मीच खात होतो.
आईने मारलं नाही.
माझा दंड हातात धरला, आणि धरूनच ठेवला,
जसं काही काटा थांबायची वाट बघत होती.

उशाशी फोन थरथरला. मॉन्तेरेची.
"कुठे आहेस? बोल ना."
मी एकेक अक्षर शोधून लिहिलं:
मी तिचा भाऊ. ती उठत नाहीये.
बराच वेळ काही नाही.
मग: "मलाही एक भाऊ आहे.
सात वर्षांचा.
माझं दूध तोच पितो."

मी लिहिलं, त्याला म्हणावं, आईला सांग.

तिचं उत्तर आलं असेल, नसेल.
पहाटे वारा पडला आणि बाबांनी फोन पाण्यात टाकला.

हिमेना दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही.
चहाडखोर, एवढंच एकदा म्हणाली.

आता ती पुन्ता आरेनासला असते, रविवारच्या फेरीने येते.
आई पाव कापते, तुकडे सारखे.
आम्ही तिच्या ताटलीकडे बघत नाही,
खिडकीकडे बघतो, मीठदाणीकडे.
कधी वाऱ्यावर आवाज चढवून ती म्हणते, लोणी दे.
कधी नाही म्हणत.

टेबलाखाली माझा तळहात अजून आपसूक उघडतो.
तसाच राहतो, रिकामा.