तीनशे सातचा शॉवर

नळ सोडते आणि मोजते. एक मिनिट.
थर्मामीटर म्हणतो एक्केचाळीस,
हात म्हणतो, छान आहे.
हाताचं ऐकायचं नाही,
देओलिंदाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं :
"आपल्याला जे ऊन ऊन बरं वाटतं ना,
तेच त्यांनाही वाटतं."

नोव्हेंबरपासून हॉटेल बंद.
दोउरोच्या धुक्यात द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या उघड्याबोडक्या.
पाहुणे नाहीत,
भिंतीतल्या नळ्यांत मात्र वस्ती आहे :
गंज, चुना, वायसरला धरलेला बुळबुळीत थर,
नखाने खरवडला तर टिकलीएवढा,
आणि त्यात संथ चरणारे अमीबा,
समोर येईल ते गिळत.

एक जीव गिळला जातो, पण पचत नाही.
ज्याच्या पोटात गेला
तिथेच बिऱ्हाड थाटतो,
घरमालकाचंच खाऊन वाढतो,
आणि एका रात्री भिंत फोडून
शेकड्यांनी बाहेर.

वरच्या झऱ्यातही तो आहेच.
त्या झऱ्याला मी आजही ओंजळ लावते.
तिथे गारठ्यात, दगडाखाली,
शंभर शेजाऱ्यांत एक, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
आपण झऱ्याला टाकी दिली,
टाकीला लांबच लांब नळ्या,
पाणी कढत ठेवायचं ते कोमट ठेवलं
(डिझेल महाग, सेन्योर व्हालदेमार काटकसरी),
त्याला महिनोन्महिने थांबवून धरलं
आणि मग त्याचा तुषार केला,
छातीच्या तळाशी उतरेल इतका बारीक.

तीनशे सातमध्ये अदेलीनू उतरला होता,
निवृत्त पोस्टमन, गुडघ्यांच्या उपचारासाठी.
शॉवरखाली गायचा म्हणे.
गाण्याला श्वास खोल लागतो.
त्याची बायको मला विचारत होती,
पाणी काय प्यायले होते ते?
मी नाही म्हटलं,
आणि पुढे काय सांगायचं ते सुचेना.

बाटली भरते. लेबल : ३०७, ४१ अंश, मार्च.
काळ्या थाळीवर राखाडी ठिपके उगवायला
दहा दिवस लागतात.
दहा दिवस सेन्योर व्हालदेमार फोन करत राहील.

घरी येते. न्हाणीघराचा नळ पूर्ण सोडून
दार ओढून बाहेर उभी राहते,
वाफ दिसेपर्यंत.
आई स्वयंपाकघरातून ओरडते,
किती पाणी वाया घालवतेस गं.