अर्धं सूत

ब्रेकवर पाय ठेवला की
आधी ट्रक थांबतो,
मग क्षणभर काहीच नाही,
मग मागून ठण्.
ट्रेलर येऊन आदळतो कंबरेत,
माझ्या, ट्रकच्या नव्हे.
आणि चोवीस पेट्यांतल्या मधमाश्या
एकदम आवाज चढवतात,
भरल्या सभेत कुणी नको ते नाव घ्यावं तशा.

ब्रोकन बोमध्ये सिग्नल मोजकेच,
स्टॉपच्या पाट्या मात्र पुष्कळ.
ड्वेन कोवारिकने माझं येणं
दोन गल्ल्या आधीच ऐकलं होतं.
म्हणाला, लाव इकडे.
डिझेल ट्रक. म्हणायला पाऊण टनी,
ओढतो सहा टन.
ड्वेन एका गुडघ्यावर बसला, मग दुसऱ्या.
त्याला वेळ लागतो.
दांडा धरून हलवला,
दुखरा दात हलवून पाहावा तसा.

"ट्रकचं भोक अडीच इंची,
तुझा दांडा दोन इंची,
मध्ये ही बाही घातलीये.
थोरल्याचा शर्ट धाकट्याला.
बाही हलते भोकात, दांडा हलतो बाहीत,
खीळ हलते सगळ्यांतच.
विचारलं तर तिघंही म्हणतील, मी नाही."

फटीत गेजची पाती सरकवत गेला.
"सोळांश इंच."
अर्धं सूत, मी म्हणून गेले.
"काय?"
आमचे सुतार, गवंडी इंचाचे आठ भाग करतात,
एकेका भागाला सूत म्हणतात.
सूत म्हणजे दोरा.
"दोऱ्याने लोखंड मोजता?"
माणसंसुद्धा. सूत जुळतंय का बघतो.
हे इंग्रजीत जेवढं गेलं तेवढं गेलं,
उरलेलं तिथेच पडलं,
ग्रीसच्या डब्याशेजारी.

नवा अडीच इंची दांडा ओमाहाहून यायला आठवडा,
आणि क्लोव्हरचा फुलोरा काही थांबणार नव्हता.
तेव्हा पाचर.
पाचर मारणं मी आजवर ऐकलं होतं
जमत आलेली लग्नं मोडताना.
खीळही तसलीच, बसते ती चालत्या कामाला.
इथे दोघी निमूट कामाला लागलेल्या.

भिंतीवरच्या खिळ्यावरून त्याने नंबरप्लेट काढली,
चाराने सुरू होणारी, कस्टर काउंटीची.
लोरेनच्या ब्यूइकची.
ब्यूइक विकली त्याला तीन वर्षं झाली,
लोरेन गेली त्याला चार.
"अ‍ॅल्युमिनियम आहे, गंजायचं नाही,"
एवढंच बोलला,
आणि पत्र्याच्या कात्रीने सरळ कापली.
नको म्हणायला हवं होतं का,
हे मला सुचलं
दोन पट्ट्या दुमडून झाल्यावर.

बाहीच्या वर एक, कडेला एक.
बाहेरून यू-बोल्ट, दोन नट,
एक फेरा त्याचा, एक माझा,
आळीपाळीने, नाहीतर तिरकं बसतं.
शेवटचा अर्धा फेरा मी घ्यायला गेले
तर त्याने पाना धरला.
"बास. ऑक्टोबरात हे काढायचंय.
माझ्या भावाने एकदा घणाने ठोकून बसवला होता.
ट्रक विकला, तेव्हा दांडा त्यातच गेला."

रात्री दहाला निघाले,
माश्या सगळ्या घरी आल्यावर.
हायवे सोडून कच्च्या रस्त्याला लागायच्या आधी
पाटी आली. ब्रेक.
खांदे आपसूक वर गेले
ठण् झेलायला.
आवाज आला नाही.
खांदे तसेच वर, जरासे वेड्यासारखे,
मागे साखळीची बारीक किणकिण,
आणि तिच्याखाली पेट्यांचा एकसुरी घुमारा,
न चढलेला.

उतरून बॅटरीच्या उजेडात पाहिलं.
बाहीच्या कडेने, दांड्याला चिकटून
बाहेर डोकावत होता
अर्धा चार.
बोटाने आत ढकलून बघितला.
हलला नाही.